यादीतली बारावी ओळ

११ नोव्हेंबर

प्रिय पंधरा नंबर,

फोनवर माझा आवाज आला की तू फोन ठेवतेस, म्हणून हा कागदाचा उद्योग. कागद काही मध्येच बंद करता येत नाही. फार तर न वाचता पडून राहील. राहू दे, मला लिहायला कोणी अडवलेलं नाही.

आधी बातमी. पाच सामने, पाच विजय, आणि एकही रडतखडत नाही. काल तर समोरच्या कॉलेजच्या पोरींचे तिसऱ्या क्वार्टरलाच नाकी नऊ आले. त्यांची कॅप्टन गुडघ्यांवर हात टेकून उभी, आणि त्यांचे कोच माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून आणलंय. मी हसून मान डोलावली. मला जमेल तेवढ्या नम्रपणे.

तुझ्या वेळचं माझं बास्केटबॉल तुला माहीतच आहे. सात जणी खेळायच्या आणि पाच जणी टाळ्या वाजवायच्या. चेंडू सावकाश पुढे न्यायचा, दम राखायचा, आणि शेवटी तुझ्या हातात द्यायचा. ते सगळं मी मोडीत काढलं. आता बाराच्या बारा खेळतात. पाच जणींची पहिली पाळी, पाच जणींची दुसरी, आणि उरलेल्या दोघी दोन्ही अर्ध्यांत कुणाच्या ना कुणाच्या जागी. अडीच मिनिटं झाली की पुढच्या शिट्टीला पाचच्या पाच बदलायच्या. त्या अडीच मिनिटांत मात्र जीव तोडून पळायचं. समोरचीला तिच्याच टोकाला गाठायचं, चेंडू घेऊन वळायलासुद्धा जागा द्यायची नाही. दम राखायचा नाही, संपवायचा, मग येऊन बाकावर बसायचं आणि पाणी प्यायचं. तोवर दुसऱ्या पाच जणी ताज्यातवान्या तयार. सात जणींचा संघ याला पुरून पुरून किती पुरणार?

लोक म्हणतात, सगळ्यात चांगल्या पाच जणी शेवटी मैदानात पाहिजेत. माझ्याकडे सुरुवात पहिली पाळी करते, त्यामुळे शेवट आपोआप दुसरीच्या वाट्याला येतो, आणि मी तो बदलत नाही. बदलला तर दुसऱ्या पाळीला कळेल की आपण दुसऱ्या आहोत. प्राचार्यबाई म्हणाल्या, हा हट्टीपणा आहे. मी म्हटलं, असेल, पण जिंकतोय ना.

राहिली आपली गोष्ट. नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या यादीत मी अकरा नावं लिहिली आणि तुझं राहिलं. यादीत नाव नाही तर मैदानात पाऊल नाही, हा नियम काही मी केलेला नाही. तू जर्सी घालून उभी होतीस आणि गुण लिहिणाऱ्या टेबलावरच्या माणसाने नाही म्हणून मान हलवली. आपण चार गुणांनी हरलो. 'सगळ्या पोरींची नावं तुम्हाला पाठ, घरचीच तेवढी राहिली,' असं म्हणालीस, आणि महिन्याभरात घराची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेलीस. नजरचूक होती, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. माणूस आहे, राहतं एखादं नाव.

आई बरी आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात अजून तिचाच दरारा.

— कोच


३ डिसेंबर

प्रिय पंधरा नंबर,

आई म्हणते, 'पोटच्या मुलीला कोणी नंबराने हाक मारतं का?' मी म्हटलं, तिला चालतं. 'तिला काय चालतं हे तुम्हाला कधीपासून कळायला लागलं,' असं म्हणून पाकिटावर तिकीट लावत बसली. म्हणजे पत्ता तिच्याकडून, तिकीट तिच्याकडून, वर टोमणेही तिचेच. हे पत्र नसून संघाचा अहवाल आहे, असंही तिचं मत पडलं. तर घे अहवाल. आठपैकी आठ.

पेपरात माझा फोटो आलाय, अर्ध्या पानाचा. चेहरा जरा सुजल्यासारखा दिसतो, पण मजकूर झकास आहे. 'बारा जणींचा खेळ' असं मोठ्या अक्षरात. वार्ताहराने विचारलं, ही कल्पना सुचली कुठून? मी सांगितलं, वर्षानुवर्षांचा अभ्यास. आईने ते कात्रण कापलं, वहीत चिकटवलं, आणि 'अभ्यास म्हणे' एवढंच पुटपुटली. मी काय ते विचारलं नाही.

तुला एक गंमत सांगतो. आमच्याकडे यादी मी लिहीत नाही. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर कागद ठेवतो आणि प्रत्येकीने येऊन आपल्या हाताने आपलं नाव नि नंबर लिहायचा. मी खाली फक्त सही करतो. आठ वर्षं झाली हे चालू आहे. टेबलावरचे लोक वैतागतात, कारण बारा तऱ्हेची अक्षरं लावायची म्हणजे ताप. आमच्या कॅप्टनचं अक्षर मोत्यासारखं. ही सगळ्यांना कामाला जुंपते म्हणून तिचं नाव आम्ही मुकादम ठेवलंय. दुसऱ्या पाळीत एक आहे, तिला कुलूप म्हणतात. समोरची कितीही तरबेज असो, ही तिच्या मागे लागली की ती बंद. कुलूप एवढं मोठं लिहिते की तिचं नाव शेजारच्या ओळीत सांडतं. आणि पंधरा नंबरची जर्सी सध्या एका चष्मेवालीच्या अंगावर आहे. चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधते, चेंडू कमी टाकते आणि माफी जास्त मागते.

यादीत एखादी ओळ रिकामी राहिली तर तिच्यावर रेघ मारायची असते, मागाहून कोणी नाव घुसडू नये म्हणून. आमच्याकडे ती वेळच येत नाही. बाराच्या बारा ओळी भरतात.

तू वाचतेस की नाही कोण जाणे. आई म्हणते, 'पाकिटं उघडते, एवढं मला माहीत आहे.' मला तेवढं पुष्कळ झालं.

— कोच


९ जानेवारी

प्रिय पंधरा नंबर,

अकरापैकी अकरा. पण आज डोकं तापलंय, त्यामुळे खेळाचं नंतर.

परवाच्या सामन्याला पंच म्हणून आलेला माणूस हात पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'तुमची मुलगी काय शिट्टी वाजवते हो, एकदा निर्णय दिला की देवाला बदलता येणार नाही.' मी म्हटलं, कोणती मुलगी? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणजे तू चार वर्षं पंच आहेस, आणि मला ते परक्या माणसाकडून, तेही टॉवेल खांद्यावर टाकून उभं असताना कळतं. आईला सगळं माहीत होतं. विचारलं तर म्हणते, 'तुम्ही कधी विचारलंत, ती काय करते?'

अभिमान वाटला, लपवत नाही. जिथे माझा संघ असतो तो सामना तू घेत नाहीस, हेही त्याने सांगितलं. नियमाने बरोबर आहे. पण ते नियमासाठी करतेस की माझ्यासाठी, ते तुझं तुला ठाऊक.

आणि मग काल आईने फोन ठेवला नि तुझा प्रश्न मला आणून दिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तू मला काही विचारलंस, आणि विचारलंस ते असं. 'यादी लिहिताना नजरचूक होऊ शकते. पण सामन्याच्या दहा मिनिटं आधी कोचने टेबलापाशी जाऊन ती यादी पुन्हा वाचायची असते आणि सही करायची असते. बाबांना विचार, तेव्हा वाचली नव्हती का?'

पंच झालीस ना, आता तू मला नियम शिकव. तर ऐक. त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता. अक्षरं पुसट दिसत होती, गडबड होती, लोक ओरडत होते, मी कागदावर सही केली आणि मोकळा झालो. यापलीकडे काही नाही. नऊ वर्षांनी उलटतपासणी घ्यायला मी काही आरोपी नाही.

— कोच


३० जानेवारी

प्रिय पंधरा नंबर,

चष्म्याचा मुद्दा मागे घेतो.

मागच्या पत्राचं पाकीट उघडं राहिलं आणि आईने वाचलं. कपाटातून जुन्या फोटोंचा डबा काढला आणि त्या अंतिम सामन्याचा संघाचा फोटो माझ्यापुढे ठेवला. मी मध्ये बसलोय, छाती फुगवून, विनाचष्म्याचा. चष्मा मला त्यानंतर दोन वर्षांनी लागला. 'खोटं बोलायचं तर निदान तारखा बघून बोला,' म्हणाली. ग्रंथालयातल्या बाईशी संसार करणं सोपं नाही. तरी पत्र पाठव म्हणाली. 'जाऊ दे तसंच, तिला कळू दे तुम्ही किती घाबरलाय.' मी घाबरलेलो नाही. पण पत्र गेलं, तुला मिळालंच असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, हे मला माहीत आहे.

संघाचं विचारशील तर आम्ही उपांत्य सामना जिंकला, सोळा गुणांनी. शेवटच्या पाळीत कुलुपाने त्यांच्या सगळ्यात उंच पोरीला चेंडूला हात लावू दिला नाही. आता अंतिम सामना, समोर गेल्या वर्षीचे विजेते. मला त्यांची भीती नाही. त्यांच्याकडे आठ जणी आहेत, माझ्याकडे बारा, आणि हे गणित शाळेतल्या पोरालाही सुटेल.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. परवा सराव संपल्यावर सगळ्या धडधडत जिना उतरून गेल्या. कुलूप मागे राहिली. कोणी बघत नाही असं वाटल्यावर ती कठड्याला धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरली. उजवा पाय आधी, मग डावा शेजारी आणायचा. मी वर दिवे बंद करत होतो, तिथून दिसलं. खाली पोचल्यावर नीट चालायला लागली, शीळसुद्धा घातली.

असं जिना उतरताना मी याआधी एकदाच कोणाला तरी बघितलंय.

— कोच


१९ फेब्रुवारी

प्रिय पंधरा नंबर,

उद्या अंतिम सामना. संघ तयार आहे, मीही तयार आहे, बूट पुसून ठेवलेत.

कुलुपाला न विचारता मी हाडांच्या डॉक्टरांना गाठलं. तिने त्यांच्याकडे तपासून घेतलं होतं, घरी आणि मला न सांगता. ते म्हणाले, 'उद्या खेळली आणि गुडघा पुन्हा पिळवटला तर पुढे जिना चढायचीसुद्धा पंचाईत होईल.' तिला हे त्यांनी सांगितलंय. तरी ती खेळणार आहे. आज सरावात पट्टी बांधून, वर लांब मोजा ओढून आली आणि माझ्याकडे बघून दात काढले.

तिला बाहेर ठेवायचं तर एक सोपा रस्ता होता, आणि तो मला पाठ आहे. पण आता यादी पोरी लिहितात. कुलूप उद्या सकाळी येणार, ते भलंमोठं नाव लिहिणार, आणि ते पुसायचं तर मला तिच्या देखत पुसावं लागणार. माझ्याच पद्धतीने माझे हात बांधलेत.

आईला म्हटलं, काय करू? म्हणाली, 'तोंड कशासाठी दिलंय?'

— कोच


२२ फेब्रुवारी

बाळ,

जिंकलो. दोन गुणांनी. ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुझं लक्ष तिकडे राहील.

सामन्याच्या सकाळी खोलीत बाराही जणी होत्या. मी कुलुपासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, 'तुझा गुडघा गेलाय, मला माहीत आहे. मी तुला आज एक मिनिटही खेळवणार नाही. यादीत नाव लिही, जर्सी घाल, बाकावर बस. राग आला तर माझ्यावर धर.' एवढ्या वर्षांत हजार पोरींना ओरडलो असेन, पण एकीच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणणं वेगळं काम आहे.

ती जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही. पाण्याची बाटली भिंतीवर आपटली. मला आणि डॉक्टरांना एका दमात फितूर म्हणाली. मग ढसाढसा रडली. मुकादम तिला जवळ घ्यायला गेली तर तिलाही ढकललं. आणि मग नाक पुसून उठली, कागद ओढला, आणि नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. दीड ओळ खाल्ली.

दुसऱ्या पाळीत तिच्या जागी मी चष्मेवालीला घातलं. आणि खेळ आपलाच झाला. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्यांच्या आठ जणींची दमछाक झाली होती, पण हात तरबेज होते, गुण सोडत नव्हते. शेवटची अडीच मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे, आणि पाळी दुसरीची. प्रेक्षकांतून ओरडा सुरू झाला की पहिली पाळी आण. प्राचार्यबाई स्वतः उठून उभ्या राहिल्या. मी दुसरी पाठवली. सध्याच्या पंधरा नंबरचं माफी मागणं चालूच होतं, आणि बाकावरून कुलूप, माझ्याशी एक शब्द न बोलता, तिच्यावर खेकसत होती: 'डावीकडून येते ती, डावीकडे उभी राहा, माफी नंतर माग.' चौदा सेकंद उरले असताना चष्मेवाली डावीकडे उभी राहिली. त्यांच्या पोरीचा चेंडू हातून निसटला. मुकादम बाकावर उभी राहून किंचाळली, आणि पुढे काय झालं ते मला स्कोअरबोर्ड बघून कळलं. चेंडू बास्केटमध्ये गेला तो चष्मेवालीच्याच हातून, आणि तिला धक्का दिला म्हणून वर एक फ्री थ्रो. तोही गेला. मी शपथेवर सांगतो, सरावात तिचा दहातला एक जातो.

आता मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

वाचली होती. यादी लिहिताना माहीत होतं आणि सही करतानाही माहीत होतं. अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी तू कॉलेजचा जिना आडवी उतरत होतीस. मी डॉक्टरांकडे गेलो, हेच ते डॉक्टर, तेव्हा केस काळे होते. त्यांनी हेच सांगितलं. तुला समोर बसवून 'मी तुला खेळवणार नाही' म्हणायचं होतं. चार दिवस मी ते उद्यावर टाकलं. तू ऐकणार नव्हतीस, रडली असतीस, आणि तुझं रडणं मला सोसवत नाही, लहानपणापासून. तुझ्याशिवाय आपण हरणार हेही मला माहीत होतं, आणि तू ते बोलून दाखवलं असतंस तर मी विरघळलो असतो. म्हणून मी यादीत तुझं नाव घातलं नाही आणि विसरलो म्हणून सांगितलं. मला वाटलं, बाप विसरला याचा राग आठ दिवसांत जातो.

सोबत ती यादी पाठवतोय. टेबलावरून माझी प्रत मी आणली होती, नऊ वर्षं कपड्यांखाली होती. अकरा नावं माझ्या अक्षरात. बाराव्या ओळीवर बघ, पट्टी लावून सरळ रेघ मारलेली आहे. तू पंच आहेस, तुला वेगळं सांगायला नको. विसरलेला माणूस रेघ मारत नाही.

पेपरवाल्याला सांगितला तो अभ्यास म्हणजे हाच कागद. तू गेल्यावर पुढच्या वर्षी पहिली यादी लिहायला बसलो आणि बाराव्या ओळीपाशी हात चालेना. कागद पोरींकडे सरकवला, म्हटलं तुम्हीच लिहा. मग ज्या पोरीने आपल्या हाताने नाव लिहिलंय तिला बाकावर बसवून ठेवायला जीव होईना. म्हणून बाराच्या बारा खेळवल्या. पहिली दोन वर्षं हरलो, मग जिंकायला लागलो. लोकांना ती युक्ती वाटते. वाटू दे, युक्ती चांगलीच आहे, आणि मी ती सोडणार नाही.

तुझा गुडघा आज चाळीस मिनिटं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, असं तो पंच म्हणाला. त्यात थोडा माझा वाटा आहे असं मला वाटतं. पण ते तुला तोंडावर सांगायचा हक्क मी खोटं बोलून घालवला.

परवा परतीच्या बसमध्ये कुलूप सगळ्यात मागे जाऊन बसली. माझ्याकडे बघेना. दोन तासांनी उठली, लंगडत पुढे आली, आणि म्हणाली, 'सरका, मला खिडकी पाहिजे.' मी सरकलो. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीसुद्धा. मी गाव येईपर्यंत हललो नाही. तिच्याशी खरं बोललो, तर दोन तासांत मिटलं. तुझ्याशी खोटं बोललो, त्याला नऊ वर्षं झाली.

तेव्हा राग सोड असं मी म्हणत नाही. फक्त कारण बदल. बाप मला विसरला म्हणून धरला होतास, तो टाकून दे, ते कधी खरं नव्हतं. बाप माझ्यासमोर उभा राहायला घाबरला, म्हणून धर. तो मला मान्य आहे. त्याला लागतील तेवढे तास घे.

खिडकीची जागा मी सोडून बसतो.

— बाबा